'पुट ऑफ'चा एकच अर्थ छापू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात दर शनिवारी दहावीच्या मुलांसाठी इंग्रजी फ्रेजल व्हर्बची, म्हणजे ऑफ, अप असा छोटा शब्द जोडला की अर्थ बदलणाऱ्या क्रियापदांची, यादी येते. आमच्याकडे ती कात्रीने कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली जाते, हे काम माझी मुलगी करते आणि अगदी मन लावून करते, रोज सकाळी युनिफॉर्म काढायला कपाट उघडलं की एक शब्द मोठ्याने म्हणते. गेल्या शनिवारच्या यादीत 'पुट ऑफ – पुढे ढकलणे' असं होतं. चूक नाहीये, पण अर्धंच आहे, आणि या अर्ध्या अर्थाने काय होतं ते मी माझ्या ऑफिसात बघितलंय म्हणून आज लिहायला बसले.

मी ठाण्यात राहते आणि ऐरोलीला कामाला जाते. युरोपातल्या कंपन्यांची बिलं तपासायची, पेमेंट सोडायची, रिपोर्ट पाठवायचे असं आमचं काम आहे. टीम अर्धी ऐरोलीत आणि अर्धी पोलंडमध्ये, क्राकूफला, ज्याला आपण इंग्रजीमुळे क्राको म्हणतो. तिथले लोक आणि आपले लोक इंग्रजीच्या बाबतीत एकाच नावेत आहेत हे मला तीन वर्षांत पक्कं कळलंय. त्यांची भाषा पोलिश, आपली मराठी, दोन्हींत 'अ' आणि 'द' सारखी आर्टिकल्सच नाहीत त्यामुळे 'द' कुठे लावायचा यात ते पण अडकतात आणि आपण पण. त्यांच्याकडे १९८९ पर्यंत शाळेत रशियन सक्तीचं होतं, म्हणून तिथल्या आईवडिलांच्या पिढीला इंग्रजी फारसं येत नाही आणि घरी विचारायला कोणी नाही, आपल्याकडेही मराठी मीडियमच्या बऱ्याच घरांत हेच असतं ना.

तर झालं असं. आमच्या लंडनच्या मॅनेजरचा एका गुरुवारी संध्याकाळी मेल आला, त्यात एक वाक्य होतं, 'द डिले हॅज रिअली पुट द क्लायंट ऑफ'. म्हणजे उशीर झाल्यामुळे क्लायंट वैतागलाय, त्याचं आपल्यावरून मन उडालंय, आता घाई करा. हा मेल ऐरोलीत आमच्या एका मुलाने वाचला आणि क्राकूफमध्ये माझ्या मैत्रिणीने वाचला, दोघांनी एकमेकांना न विचारता एकच अर्थ काढला की क्लायंटचं काहीतरी पुढे ढकललं गेलंय, कॉल पुढे गेला असणार, म्हणजे रिपोर्टला वेळ आहे. दोघांनी रिपोर्ट बाजूला ठेवला. शुक्रवार गेला, शनिवार रविवार गेला, सोमवारी सकाळी क्लायंटने विचारलं रिपोर्ट कुठाय आणि मग जे व्हायचं ते झालं, तो मुलगा दिवसभर जेवला नाही आणि तिकडे माझी मैत्रीण कॅमेरा बंद करून बसली होती. दोघंही कामात हुशार आहेत, आळशी तर अजिबात नाहीत. नंतर मी दोघांना वेगवेगळं विचारलं की तुम्ही हा शब्द शिकलात कसा. तो म्हणाला, शाळेत यादीत होता, पुढे ढकलणे. ती म्हणाली, शाळेत वहीत लिहिला होता, 'ओत्क्वादाच'. पोलिशमध्ये ओत्क्वादाच म्हणजे पुढे ढकलणे, लांबणीवर टाकणे. दोन देश, दोन शाळा, आणि वहीत एका शब्दासमोर एकच शब्द!

तेव्हापासून दर बुधवारी अर्धा तास आम्ही पाचसहा जण व्हिडिओ कॉलवर बसतो. थंडीत आपल्यात आणि त्यांच्यात साडेचार तासांचा फरक असतो, म्हणजे आमचे दुपारचे साडेचार तेव्हा त्यांचे बारा, आमच्यासमोर चहा आणि त्यांच्यासमोर जेवणाचा डबा. एका वेळी एकच फ्रेजल व्हर्ब घ्यायचं असं ठरवलंय. सुरुवात अर्थात पुट ऑफ पासूनच केली आणि त्या एकाला तीन बुधवार लागले.

या तीन बुधवारांत जे हाती लागलं ते असं. पुट ऑफ नंतर वस्तू आली, म्हणजे मीटिंग, परीक्षा, लग्न, डॉक्टरची अपॉइंटमेंट, तर बहुतेक वेळा अर्थ पुढे ढकलणे. पण माणूस आला की अर्थ बदलतो. पुट मी ऑफ, पुट हर ऑफ, पुट द क्लायंट ऑफ, इथे माणसाचं मन त्या गोष्टीवरून उडतं, किंवा लक्ष उडतं, किंवा माणसाला कोणीतरी टोलवत राहतं. म्हणजे आधी बघायचं की ढकललं कोणाला, कामाला की माणसाला. एवढं जरी मुलांना सांगितलं तरी त्या मेलमधलं वाक्य कोणीही बरोबर वाचेल, कारण क्लायंट हा माणूस आहे, मीटिंग नाही.

मन उडण्याचं उदाहरण मी आमच्या घरचं दिलं. पावसाळ्यात सासूबाईंनी सुकट भाजली की आमच्या घरात सगळ्यांची भूक खवळते पण शेजारच्या मुलीला तो वास सहन होत नाही, तिची अन्नावरची वासनाच उडते. इंग्रजीत नेमकं हेच, 'द स्मेल पुट हर ऑफ हर फूड'. अन्नावरची वासना उडणे आणि पुट ऑफ हर फूड, शब्दाला शब्द बसतो, 'वरची' आणि 'उडणे' मिळून तो ऑफ झाला. कोणाचं वागणं बघून तो मनातून उतरला असं आपण म्हणतो, तिथेही हेच चालतं, 'हिज रूडनेस पुट मी ऑफ'. याच्यावरूनच विशेषण झालंय, ऑफ-पुटिंग, म्हणजे बघून किंवा ऐकून नको वाटावं असं. हे सगळं यादीतल्या 'पुढे ढकलणे' मध्ये कुठे बसतं सांगा.

पोलिश लोकांकडे याला वेगळाच शब्द आहे, झ्न्येखेंचिच. माझ्या मैत्रिणीने तो फोडून दाखवला तेव्हा मला फार आवडला. खेंच म्हणजे इच्छा, न्ये म्हणजे नाही, आणि पुढचा मागचा भाग लावून अर्थ होतो इच्छा नाहीशी करणे. म्हणून तिच्या डोक्यात पुढे ढकलणे आणि मन उडणे हे दोन एकदम वेगळे शब्द, एकमेकांचा काही संबंध नसलेले, आणि इंग्रजी ते दोन्ही एकाच पुट ऑफ मध्ये घालतं. तिला अवघड जातं ते इथे.

लक्ष उडण्याचा अर्थ ब्रिटिश लोकांच्या बोलण्यात जास्त येतो. कोणी टाईप करताना मागे उभं राहून स्क्रीनकडे बघत राहिलं की ते म्हणतात, 'डोन्ट स्टँड देअर, यू आर पुटिंग मी ऑफ'. याला पोलिशमध्ये रोस्प्राशाच, ज्याचा मूळ अर्थ विखुरणे, पांगवणे. लक्ष पांगवणे! आणि टोलवणे म्हणजे काय ते सोसायटीत राहणाऱ्या कोणालाही सांगायला नको. आमच्या वरच्या मजल्यावरून बाथरूमचं पाणी गळतंय, मी सोसायटीच्या ऑफिसात चार वेळा गेले आणि चारही वेळा 'पुढच्या आठवड्यात बघू' ऐकून परत आले. इंग्रजीत सांगायचं तर 'दे कीप पुटिंग मी ऑफ'. इथे काम पण पुढे ढकललं जातंय हे खरं, पण वाक्यात ढकलली गेले ती मी.

पोलिश भाषा माझ्या मनात खरी बसली ती त्यांच्या उपसर्गांमुळे. त्यांच्याकडे लिहिणे याला पिसाच म्हणतात. आता पुढे छोटे तुकडे लावत जायचे. पोद म्हणजे खाली, तर पोत्पिसाच म्हणजे खाली लिहिणे, म्हणजे सही करणे. दोपिसाच म्हणजे राहिलेलं जोडून लिहिणे. झापिसाच म्हणजे टिपून ठेवणे, प्शेपिसाच म्हणजे परत उतरवून काढणे आणि डॉक्टरने औषध लिहून देणे पण तेच, ओपिसाच म्हणजे वर्णन करणे. हे ऐकताना मला आमच्या शाळेतले संस्कृतचे सर आठवले, हृ धातूला उपसर्ग लावून फळ्यावर प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार लिहायचे आणि म्हणायचे की उपसर्ग धातूच्या अर्थाला जबरदस्तीने दुसरीकडे ओढून नेतो. मी हे व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर क्राकूफवाले खूश, म्हणाले आमचं रोजचं बोलणंच असं आहे. इंग्रजीचा फरक एवढाच की ते हे तुकडे पुढे न चिकटवता मागे सुटे ठेवतं. पोलिश 'ओद' म्हणजे दूर, पासून, बाजूला, म्हणजे जवळजवळ ऑफच. ओद्वोझिच फोडलं तर ओद आणि ठेवणे, सरळ सरळ पुट ऑफ निघतं. आणि याहून भारी म्हणजे कॉल ऑफ. वोवाच म्हणजे हाक मारणे, ओद्वोवाच म्हणजे रद्द करणे. हाक मारणे अधिक ऑफ, कॉल ऑफ! पोलिश मुलाला कॉल ऑफ शिकवावाच लागत नाही, फक्त दाखवावा लागतो.

आपल्या मुलांना मात्र पुट ऑफ आणि कॉल ऑफ यात घोळ होतो, आणि हा घोळ महागात पडू शकतो. जुलैमध्ये रेड अलर्ट आला की शाळेच्या ग्रुपवर मेसेज येतात, परीक्षा पुढे ढकलली आहे की परीक्षा रद्द झाली आहे यात जमीन अस्मानाचा फरक आहे, पहिल्यात अभ्यास चालू ठेवायचा, दुसऱ्यात पुस्तक मिटायचं. पुट ऑफ पहिलं, कॉल ऑफ दुसरं. तुमच्या पेपरात बातमीत तुम्ही हा फरक कधी चुकवत नाही, लांबणीवर आणि रद्द हे शब्द नेमके वापरता. मग तीच काळजी यादीत का नको?

आता मराठीचं सांगते, कारण मला वाटतं आपल्या मुलांना हे मराठीतूनच लवकर समजेल. पोलिश मैत्रिणीने मला विचारलं, तुमच्या भाषेत असं असतं का की एक छोटा शब्द बदलला की सगळा अर्थ फिरतो? मी म्हटलं ऐक. 'बाळाचं नाव ठेवलं' म्हणजे बारसं झालं, घुगऱ्या वाटल्या, सगळे आनंदात. 'बाळाला नावं ठेवली' म्हणजे कोणीतरी येऊन काहीतरी वाईट बोलून गेलं आणि बाळाची आई रडत बसलीय. क्रियापद तेच ठेवणे, शब्द तोच नाव, फक्त 'चं' च्या जागी 'ला' आलं आणि नाव चं नावं झालं. मराठी शिकणाऱ्या पोलिश माणसाच्या वहीत 'नाव ठेवणे – नामकरण करणे' एवढंच लिहिलेलं असेल तर तो कोणाच्या घरी जाऊन काय बोलून बसेल याचा विचार करा. ती बराच वेळ गप्प होती आणि मग तिने वहीत दोन्ही वाक्यं आपल्या अक्षरांत उतरवून घेतली, बाळासकट.

आपल्याकडे दुसरं क्रियापद जोडून अर्थ फिरतो ते तर रोजचंच आहे. बोलून टाक, बोलून दाखव, बोलून बघ, बोलून गेला, बोलून बसला, पाच वेळा बोलणंच आहे पण पाचही वेळा माणसाची मनःस्थिती वेगळी. मराठी मूल पाचव्या वर्षी हे बिनचूक वापरतं, कोणी त्याला यादी देत नाही. गिव्ह अप घ्या. इंग्रजीत देणे आहे, मराठीत सोडून देणे, तिथेही देणे आहे, आणि पोलिशमध्ये हार मानणे याला पोद्दाच शे म्हणतात, त्यातला 'दाच' म्हणजे पण देणेच. तिन्ही भाषांत देण्याला शेपूट किंवा शिंग लावून हार मानलीय. वर्गात हे असं दाखवलं तर मूल विसरेल का?

व्याकरणाचं पण थोडं लिहिते कारण मार्क तिथेच जातात. मधे इट, देम, मी असं सर्वनाम आलं तर ते पुट आणि ऑफ च्या मधेच बसतं, 'पुट इट ऑफ', 'पुट ऑफ इट' म्हणता येत नाही. नाम असेल तर दोन्हीकडे चालतं, 'पुट द मीटिंग ऑफ' किंवा 'पुट ऑफ द मीटिंग'. पुढे क्रिया आली तर आयएनजी लागतं, 'आय पुट ऑफ गोइंग टू द डेंटिस्ट', 'पुट ऑफ टू गो' नाही. हे मराठीतून इतकं सोपं आहे, 'दाताच्या डॉक्टरकडे जाणं पुढे ढकललं', आपण जाणं म्हणतो ना, तेच गोइंग. बोलताना जोर ऑफ वर येतो, पुट इट ऑऽफ. पोलिश लोकांना इथे त्रास होतो कारण त्यांच्या भाषेत शब्दाच्या शेवटून दुसऱ्या अक्षरावर जोर द्यायची सवय आहे, आणि आपल्याला होतो कारण आपण कुठेच फार जोर देत नाही, सगळं एका पातळीत बोलतो. अजून एक, पुट चा भूतकाळ पण पुटच. 'वी पुट ऑफ द कॉल' हे रोजचं आहे की कालचं हे आजूबाजूच्या शब्दांवरूनच कळतं. आणि आपल्याकडे ऑफिसात 'लाईट पुट ऑफ कर' म्हणतात ना, तिथे स्विच ऑफ किंवा टर्न ऑफ म्हटलेलं बाहेरच्या माणसाला पटकन कळतं, माझ्या मैत्रिणीला आधी वाटलं मी लाईटचं काम उद्यावर टाकायला सांगतेय.

प्रीपोन हा शब्द तिने माझ्याकडून पहिल्यांदा ऐकला. मी सांगितलं की हा आपण भारतात वापरतो, पोस्टपोनच्या उलट, आणि इंग्लंडमधल्या माणसाशी बोलताना 'ब्रिंग फॉरवर्ड' म्हण. ती म्हणाली आमच्याकडे मीटिंग हलवली याला एक शब्द आहे पण त्यातून अलीकडे हलवली की पलीकडे ते कळत नाही, प्रीपोन किती सोयीचा आहे. आता क्राकूफचे तिघे चौघे आपसात प्रीपोन वापरतात. मला याचा मनापासून आनंद झाला.

एक गोष्ट विषयाच्या जरा बाहेरची आहे पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. माझं माहेर कोल्हापूरचं. हे कळल्यावर तिने विचारलं, वळिवडेचं कोल्हापूर? दुसऱ्या महायुद्धात १९४३ ते १९४८ या काळात पोलंडचे सुमारे ५ हजार निर्वासित, बायका आणि मुलंच जास्त, कोल्हापूरजवळ वळिवडेला छावणीत राहिले होते, तिथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं. वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. मी लहानपणी वळिवडेवरून कितीतरी वेळा गेलेय, पण पोलंडमधल्या मुलीच्या तोंडून ते नाव ऐकताना डोळ्यात पाणी आलं. त्या छावणीतल्या मुलांना बाजारात मराठी ऐकून ऐकूनच समजायला लागली असेल, कपाटाला चिकटवलेल्या यादीवरून नाही.

तर माझी विनंती एवढीच आहे. यादीत दहा शब्द येतात, त्याऐवजी तीन द्या पण प्रत्येकाला दोनतीन वाक्यं द्या, एक वस्तूचं आणि एक माणसाचं. मराठी अर्थ देताना एकच प्रतिशब्द न देता आपली बोलण्यातली वाक्यं द्या, अन्नावरची वासना उडणे, मनातून उतरणे, टोलवत राहणे, ही मुलांना घरात ऐकू येतात. जागा कमी पडते हे मला समजतं, पण दहा अर्धवट शब्दांपेक्षा तीन पूर्ण शब्द मुलाला पुढे नोकरीत वाचवतील, मी तो सोमवार बघितलाय. शिक्षकांना पण सांगावंसं वाटतं की मराठीतून इंग्रजी शिकवण्यात काही कमीपणा नाही. आमच्या बुधवारच्या कॉलवर पोलिश लोक पोलिशमधून आणि आम्ही मराठीतून इंग्रजीकडे जातो आणि दोघंही पोचतो.

मुलीच्या कपाटावरच्या कात्रणात 'पुढे ढकलणे' च्या खाली मी पेनाने तीन वाक्यं लिहिलीत, सुकटीचं, टायपिंगचं आणि गळक्या बाथरूमचं. काल सकाळी तिने डबा तसाच टेबलावर ठेवला, मी विचारलं का गं, तर म्हणाली, 'आई, आज कारलंय, इट पुट्स मी ऑफ'. पुढच्या शनिवारी 'पुट अप विथ' येणार असेल तर 'सहन करणे' च्या जोडीला 'खपवून घेणे' पण छापा आणि खाली एक वाक्य द्या, कात्रण चिकटवायला तिने जागा ठेवलीय.

आपली,
एक नियमित वाचक,
ठाणे (पश्चिम)